लाल रिबन आणि घोणशीचं विष
(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं केलं आहे.)



संयोजकांनी फोनवर सांगितलं, “तू कॉम्प्युटरवाली, तेव्हा एआयवर बोल. पंधरा मिनिटं.” मी म्हटलं, बोलीन, पण सापावर बोलीन. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग विचारलं, “कोणत्या सापावर?” मी म्हटलं, “आपल्या.” तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

तुमच्यापैकी बहुतेकांना तो दिवस आठवत असेल. १९९४ साल, आपण नववीत. पंधरा ऑगस्ट दोन दिवसांवर आला होता आणि मैदानावरचं गवत काढायला पी.टी.च्या सरांनी आपल्याला लावलं होतं. कप्तान, म्हणजे आपल्या कबड्डीच्या संघाचा कप्तान, कुंपणाच्या बाजूला होता. आधी कुकरची शिट्टी वाजावी तसा फुस्स आवाज आला आणि मग तो ओरडला. उजव्या पोटरीवर दोन ठिपके होते. सर धावत आले, साप बघून म्हणाले, “घोणस आहे.”

आणि मी पुढे झाले. वर्गाच्या दाराशी प्रथमोपचाराचा तक्ता होता, तो मला तोंडपाठ होता. ‘दंशाच्या वर घट्ट आवळपट्टी बांधा.’ मी माझ्या वेणीची लाल रिबन सोडली, गुडघ्याखाली बांधली, गाठीत पट्टी घातली आणि पीळ दिला. पाय काळानिळा पडेपर्यंत दिला. मग सरांनी त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मागे एकाने धरलं आणि ते तालुक्याला गेले. तिथे लस नव्हती. तिथून जीपने जिल्ह्याला. लस टोचली तेव्हा तीन तास उलटून गेले होते आणि रिबन तशीच होती.

कप्तान वाचला. पण पोटरीचा मोठा भाग कुजला, डॉक्टरांना कापून काढावा लागला, आणि कप्तान कबड्डी परत कधी खेळला नाही. मला मात्र २६ जानेवारीला प्रसंगावधानाबद्दल बक्षीस मिळालं. कंपासपेटी आणि टाळ्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत कप्तानही होता, कुबडी काखेत धरून.

दोन वर्षांपूर्वी आपल्या ग्रुपवर पावसाळ्यात एक फॉरवर्ड आला. ‘साप चावल्यास काय कराल?’ पहिलीच ओळ: घट्ट बांधा. मी त्याला अंगठा दिला. दहा मिनिटांत आपल्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, “कृपया डिलीट करा. असं बांधल्याने पाय जातो.” एवढंच वाक्य. मी त्या रात्री झोपले नाही. आणि मग मी जे शोधत गेले, वाचत गेले, आपल्या डॉक्टरीणबाईंना रात्री-अपरात्री विचारत गेले, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी विष म्हणजे काय ते पाहू. सापाची विषग्रंथी म्हणजे बदललेली लाळेचीच ग्रंथी. विष हा एक पदार्थ नाही, ते अनेक प्रथिनांचं मिश्रण आहे. साप ते आपल्यासाठी बनवत नाही. उंदीर पळून जाऊ नये आणि गिळल्यावर पचावा, यासाठी ते असतं. नागाच्या आणि मण्याराच्या विषाचा मुख्य रोख नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर असतो. माणसाचे डोळे मिटू लागतात, श्वास बंद पडतो. घोणस आणि फुरसं यांचा मुख्य रोख रक्तावर. घोणशीच्या विषात रक्त गोठवणारी प्रथिनं इतकी जोरदार असतात की रक्तातला गोठण्याचा सगळा साठाच वापरून संपतो, आणि मग माणसाचं रक्त गोठतच नाही. म्हणून दवाखान्यात एक अगदी साधी तपासणी करतात. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलं आहे. या तपासणीला ना वीज लागते ना महागडं यंत्र.

पण कप्तानची गोष्ट रक्ताची नव्हती, स्नायूची होती. त्याच्याकडे वळते.

स्नायूची प्रत्येक पेशी एका पातळ पडद्यात गुंडाळलेली असते. हा पडदा स्निग्ध पदार्थांच्या दोन थरांचा. पडद्याबाहेर कॅल्शियम भरपूर, आत जवळजवळ नाही. बाहेर आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट. धरणाच्या भिंतीसारखं समजा. आपण पाय उचलतो, पळतो, ते पेशीच्या आतल्याच एका बंद कप्प्यातून कॅल्शियम मोजून-मापून सोडल्यामुळे. विषात फॉस्फोलायपेज ए-टू नावाचं प्रथिन असतं, ते हा पडदाच कातरतं. भिंत फुटली की कॅल्शियम आत घुसतं. स्नायू आकसतो आणि आकसलेलाच राहतो, पेशीची स्वतःचीच पाचक प्रथिनं जागी होऊन तिला आतून खाऊ लागतात, आणि पेशी मरते. तिच्यातलं सगळं बाहेर सांडतं. त्यात मायोग्लोबिन हे लाल रंगाचं प्रथिन असतं. ते मोठ्या प्रमाणात रक्तात आलं तर लघवी काळ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.

आता तुम्ही म्हणाल, स्नायू तर परत भरून येतो. बरोबर आहे. व्यायामशाळेत जाणाऱ्या आपल्या काही मित्रांच्या पोटाकडे बघून वाटत नाही, पण येतो. (हे वाक्य स्मरणिकेत ठेवू का, असं मी विचारलं होतं. ठेवा म्हणाले.) प्रत्येक स्नायुतंतूभोवती एक बारीक पिशवीसारखं आवरण असतं. तंतू मेला तरी ती पिशवी टिकली, तिला रक्त मिळत राहिलं आणि नस शाबूत राहिली, तर तिथेच दडून बसलेल्या राखीव पेशी जाग्या होतात आणि पिशवी पुन्हा भरतात. घोणशीच्या विषात दुसरीही एक टोळी असते, मेटॅलोप्रोटिनेज. ती नेमकी ही आवरणं आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती तोडते. म्हणजे घर पडलं तेही गेलं आणि पायाही उखडला. मग तिथे स्नायू न होता नुसता व्रणाचा तंतुमय पेशीसमूह होतो. कप्तानच्या पोटरीत आज हात लावला तर कडक चामड्यासारखं जे लागतं, ते हेच. कोस्टा रिकातल्या क्लोदोमिरो पिकादो इन्स्टिट्यूटमधले शास्त्रज्ञ होसे मारिया गुटिएरेझ यांनी आयुष्यातली अनेक वर्षं याच प्रश्नाला दिली आहेत.

आता रिबनकडे येऊ. हे सगळं विष अख्ख्या शरीरात पातळ होऊन पसरण्याऐवजी मी ते एका पोटरीत कोंडून ठेवलं. वर रक्तपुरवठाही तोडला. म्हणजे ज्या स्नायूला भरून यायला रक्त हवं होतं, त्याचंच रक्त मी तीन तास बंद केलं. आमच्या डॉक्टरीणबाईंना मी सरळ विचारलं, “माझ्यामुळे पाय गेला का?” त्या म्हणाल्या, “घोणशीचा किती, उशिराचा किती आणि रिबनचा किती, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. पण रिबनचा वाटा शून्य नव्हता.” मला हे उत्तर आवडलं नाही, पण ते खरं होतं.

आता दुसरी गोष्ट, जिने मला इंजिनिअर म्हणून जास्त अस्वस्थ केलं. लस. खरं तर ती लस नाही, प्रतिविष आहे. घोड्यांना विषाचे थोडे थोडे डोस देतात, घोड्याच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, ती काढून शुद्ध करतात आणि बाटलीत भरतात. आपल्याकडची बाटली चार सापांसाठी असते: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. त्यासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा हिस्सा तमिळनाडूतून येतो, महाबलीपुरमजवळच्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून. ही संस्था १९७८ साली स्थापन झाली. ज्यांचा साप पकडून कातडी विकण्याचा धंदा कायद्याने बंद झाला, तेच लोक आज साप पकडतात, विष काढतात आणि सोडून देतात. लाखो भारतीयांचे प्राण त्यांच्या हातांनी वाचले आहेत.

प्रश्न असा, की तमिळनाडूच्या घोणशीचं विष आणि आपल्या कुंपणातल्या घोणशीचं विष एकच असतं का?

मी समजत होते, साप एक तर विष एक. तसं नाही. घोणशीचंच बघा. म्यानमारमध्ये तिच्या दंशानंतर मूत्रपिंडं बंद पडतात, आणि कित्येकांच्या मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीत रक्तस्राव होऊन माणूस वाचला तरी पुढे आयुष्यभर हॉर्मोनचा त्रास होतो. श्रीलंकेत त्याच नावाच्या सापाच्या दंशाने पापण्या खाली येतात, स्नायू विरघळतात, लघवी काळी होते. डॉक्टर अनेक वर्षं या फरकाकडे बघत होते. पुढे २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की म्यानमार, थायलंडकडची पूर्वेची घोणस आणि आपली, श्रीलंकेची घोणस या दोन वेगळ्या प्रजाती मानायला हव्यात. पण एकाच प्रजातीतही फरक असतोच. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटाने देशातल्या ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचं विष तपासलं. तो अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. जागोजागी विष वेगळं निघालं, आणि त्या फरकाचा काही भाग तिथल्या तापमानाशी आणि पावसाशी जुळला. कोरड्या प्रदेशातल्या घोणशींत प्रथिनं तोडणारा भाग जास्त दिसला.

स्नायूंच्या बाबतीत सगळ्यात स्वच्छ उदाहरण जपानचं आहे. तिथे दक्षिणेच्या बेटांवर हाबू नावाचा विषारी साप आहे. अमामी बेटावरच्या हाबूच्या विषात स्नायू मारणारी दोन खास प्रथिनं भरपूर. ओकिनावा बेटावरचा साप तोच, प्रजात तीच, पण ही दोन प्रथिनं त्याच्या विषात नाहीत. मध्ये फक्त समुद्र.

हे कसं होतं? माझ्या धंद्यातल्या लोकांना हे चटकन कळेल. एक चालणारा प्रोग्रॅम असतो, आपण त्याची कॉपी करतो आणि मूळ तसाच ठेवून कॉपीत बदल करतो. सापाच्या शरीरातही एका जनुकाच्या अनेक प्रती झाल्या. मूळ प्रत काम करत राहिली, बाकीच्या बदलत गेल्या. आत्ता सांगितलेल्या फॉस्फोलायपेजच्या माळेत सुमारे १२० मणी असतात. त्यातल्या ४९ व्या जागेवरचा एक मणी बदलला की ते प्रथिन पडदा कातरू शकत नाही. वाटेल की निकामी झालं. पण नाही, ते कात्री न वापरताच पडदा फोडायला शिकलेलं असतं. अमेरिका खंडातल्या आणि आशियातल्या कित्येक चापड्यांच्या विषात ही बदललेली प्रत स्नायूची मुख्य शत्रू आहे. हाबूची ती दोन प्रथिनं याच जातीची. कुठली प्रत टिकायची, कुठली जायची, ते त्या त्या जागी साप काय खातो, कसा जगतो, यावर ठरत जातं. म्हणून नात्यातले साप, नाव एक, पण विष वेगळं.

आणि विष वेगळं तर औषध लागू पडेलच असं नाही. हा धडा नवा नाही. १८९५ च्या सुमारास फ्रान्समध्ये आल्बेर कॅल्मेट यांनी नागाच्या विषावर पहिलं प्रतिविष तयार केलं आणि ते सगळ्या सापांवर चालेल असं त्यांना वाटत होतं. ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील यांनी ते तिथल्या सापांवर वापरून पाहिलं, तर उपयोग शून्य. त्यांनी मग आपल्याकडच्या सापांपासून आपली प्रतिविषं बनवली. शंभर वर्षांनंतरही आपण तीच चूक केली. २००४ मध्ये आफ्रिकेतल्या घाना देशात ग्रामीण भागात भारतात बनलेलं प्रतिविष वापरायला सुरुवात झाली. बाटलीवर फुरशाच्या कुळाचं नाव होतं. पण ते बनवलं होतं भारतीय फुरशाच्या विषापासून, आणि चावत होतं पश्चिम आफ्रिकेतलं फुरसं. मृत्यूचं प्रमाण १.८ टक्क्यांवरून १२.१ टक्क्यांवर गेलं. एका ठिकाणी तपासलं म्हणजे सगळीकडे चालेल, असं गृहीत धरलं की माझ्या ऑफिसात सिस्टिम बंद पडते आणि आम्ही रात्रभर बसून ती चालू करतो. तिथे माणसं गेली.

याचा अर्थ आपली लस निरुपयोगी आहे, असा मुळीच घेऊ नका. कृपा करून घेऊ नका. घोणस चावल्यावर तीच एकमेव गोष्ट जीव वाचवते आणि आपल्या कप्तानला तिनेच वाचवलं. पण तिच्या दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे जागेप्रमाणे तिचा जोर कमी-जास्त पडू शकतो, म्हणून प्रदेशानुसार विष गोळा करून लस बनवावी, असं संशोधक सांगत आहेत. दुसरी मर्यादा स्नायूची. प्रतिपिंडं आकाराने मोठी, ती रक्तातून हळूहळू झिरपत दंशाच्या जागी पोचतात. विष तिथे आधीच बसलेलं असतं. मेलेला स्नायू कोणतीही लस जिवंत करत नाही. म्हणून पडद्याच्या कात्रीला अडवणारी छोटी औषधं, गोळीसारखी घेता येतील अशी, शोधणं चालू आहे. त्यातल्या वरेस्प्लॅडिब नावाच्या औषधाची भारतात आणि अमेरिकेत चाचणीही झाली. ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट तिला गाठता आलं नाही, पण लवकर औषध मिळालेल्यांत काही आशा दिसली. तेव्हा आज, २०२५ मध्ये, स्नायू वाचवायचं आपल्या हातातलं औषध एकच आहे. वेळ.

आपल्या देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं मरतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांचा तो अंदाज आहे, एकूण बारा लाख. यात बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. म्हणजे आपलीच. जे वाचतात आणि लंगडत घरी येतात, ते या आकड्यात नाहीत.

मागच्या महिन्यात मी कप्तानच्या दुकानात गेले. खतं, बियाणं, फवारणीचे पंप, मध्ये तो, पाय स्टुलावर ठेवून. मी दोन वर्षं मनात घोळवलेलं सगळं सांगितलं. रिबन, पीळ, तीन तास, बक्षीस. तो ऐकत होता. मध्येच एका गिऱ्हाईकाला युरियाचा भाव सांगितला. मग म्हणाला, “अगं, तुला तक्त्याने फसवलं आणि मला घोणशीनं. रिबन मात्र परत मागू नको, ती जिल्ह्याच्या दवाखान्यात कापली.” मी हसले, मग रडले. त्याने चहा मागवला. चहा पिताना तो म्हणाला, “तो तक्ता अजून शाळेत आहे का बघ.”

मी बघितलं. तक्ता आहे. आज सकाळी तुम्ही सगळे त्याच्या खाली उभे राहून फोटो काढत होतात.

म्हणून माझी विनंती. मुख्याध्यापक सरांची परवानगी मी घेतली आहे. आज आपण तो तक्ता उतरवायचा आणि नवा लावायचा. तो मी तयार करून आणला आहे आणि डॉक्टरीणबाईंनी तपासला आहे. त्यावर इतकंच आहे. माणसाला धीर द्या, चालवू नका. अंगठी, पैंजण, घड्याळ काढा, कारण सूज येणार आहे. मोडलेल्या हाडाला बांधतो तसा पाय फळीला सैल बांधा, म्हणजे हलणार नाही. आवळू नका, कापू नका, चोखू नका, सापामागे धावू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे लस आहे तिथे जा. कोणी आधीच घट्ट बांधलं असेल तर वाटेत सोडू नका, एकदम सोडलं तर कोंडलेलं विष झपाट्याने पसरतं. ते डॉक्टरांसमोरच सुटू द्या.

आणि या मेळाव्याच्या वर्गणीतून जे पैसे उरतील, त्यांचे गमबूट आणि बॅटऱ्या घेऊ. आपल्या गावात ऊसतोडीला जी कुटुंबं येतात, त्यांच्यासाठी. बहुतेक दंश पायावर होतात, आणि बरेच अंधारात. कप्तान माल खरेदीच्या भावात देणार आहे. हे त्याने मला सांगितलेलं नाही, मी त्याला आत्ता इथे सांगते आहे. नाही म्हणायचं असेल तर हात वर कर. बघा, हात खालीच आहे.

विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, तक्त्यावरचं पाठ करायला तुम्ही आम्हाला कधीच सांगितलं नाही. तुम्ही म्हणायचात, “असं का, ते विचार.” मी विचारायला एकोणतीस वर्षं लावली. उशीर झाला, पण विचारलं.

कप्तान, हातोडी आणि खिळा तुझ्याकडे आहे ना? चल.